भाड्याने द्यायचं घर आणि हातात पाना: नवख्या घरमालकासाठी

हातोडी, ड्रिल मशीन वगैरे घेण्याआधी घराचा मेन व्हॉल्व्ह कुठे आहे ते शोधा. गुंतवणूक म्हणून घर घेतलंय, भाड्याने द्यायचंय, दुरुस्तीतलं ओ की ठो कळत नाही, सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की मी हेच सांगते. बहुतेकांच्या डोक्यात टाइल बसवणं, रंगकाम असलं काहीतरी असतं. ते जमलं तर चांगलंच. पण घरमालकाला पहिली गरज पडते ती पाणी किंवा वीज बंद करण्याची, आणि तीही नेमकी भलत्या वेळी.

मी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते. बाटल्यांना लेबलं लावणं, गळके ब्युरेट काढून बाजूला ठेवणं आणि कुठलं रसायन कशाशेजारी ठेवायचं नाही हे बघणं, यात उमेदीची वर्षं गेली. आता भाड्याने दिलेली दोन लहान घरं सांभाळते. भाडेकरू मला काकू म्हणतात आणि काही बिघडलं की मिस्त्रीच्या आधी मला फोन करतात.

स्वतः काम केलं की मजुरी वाचते हे खरं. पण तेवढ्यासाठीच शिकणार असाल तर नका शिकू, एका नळाच्या मजुरीत कुणी श्रीमंत होत नाही. फायदा वेगळाच आहे. मिस्त्री "सगळी लाइन बदलावी लागेल" म्हणाला तर खरंच तशी वेळ आलीय का, हे तुम्हाला कळतं. भाडेकरू "भिंतीला ओल आलीय" म्हणाला तर फोनवरच चार प्रश्न विचारून ती कुठून येत असेल याचा अंदाज बांधता येतो. म्हणून खाली पाना कसा धरायचा यापेक्षा काय बिघडलंय ते कसं ओळखायचं, यावर जास्त लिहिलंय.

आधी बंद करायला शिका

घर ताब्यात आलं की रिकाम्या घरात एक फेरी मारा आणि पाणी कुठे कुठे अडवता येतं ते शोधा. संपूर्ण घराचा मेन, प्रत्येक बाथरूमचा वेगळा व्हॉल्व्ह असेल तर तो, बेसिन आणि सिंकखालचे अँगल कॉक (पाणी अडवायचे छोटे नळ), फ्लशच्या टाकीचा कॉक, गिझरला जाणारी लाइन. प्रत्येक फिरवून बघा. दांडीवाला बॉल व्हॉल्व्ह असेल तर सोपं आहे: दांडी पाइपाच्या दिशेत म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद. गोल चाकाचा जुना गेट व्हॉल्व्ह असेल तर तो बरेच वेढे घेतो, आणि वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नसेल तर जाम झालेला असतो. त्याच्याशी झटापट करू नका. आतली दांडी तुटली की ते कायमचं दुखणं होतं. असा व्हॉल्व्ह घर रिकामं असतानाच प्लंबरकडून बदलून घ्या आणि जागी बॉल व्हॉल्व्ह बसवा. माझ्या मते नव्या घरमालकाने करायचा हा पहिला खर्च. नंतर वर्षातून एक-दोनदा सगळे कॉक उघडझाप करायचे, म्हणजे क्षार धरत नाहीत.

मग विजेचा बोर्ड. कुठला एमसीबी (बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच) कुठल्या खोलीचा, हे एकाने बोर्डापाशी आणि दुसऱ्याने खोल्यांमध्ये उभं राहून तपासायचं आणि तिथेच लिहून ठेवायचं. माझ्या घरांत प्रत्येक कॉकला आणि एमसीबीला लेबल आहे, त्यावर पारदर्शक चिकटपट्टी. जुनी सवय, दुसरं काय.

हे सगळं भाडेकरूला किल्ली देताना दाखवा. नुसतं बोट दाखवून चालत नाही, त्याला स्वतःच्या हाताने मेन बंद करून पुन्हा चालू करायला लावा. तो थोडा हसतो, पण करतो. एकदा रात्री फोन आला, "काकू, बेसिनखालून पाणी येतंय, सगळी खोली भरतेय!" मी विचारलं, "कॉक आठवतोय ना? खाली वाक, डाव्या हाताचा फिरव." दोन-तीन श्वास, मग पलीकडून, "थांबलं." त्यानंतर प्लंबर दुसऱ्या दिवशी त्याच्या वेळेने आला. कनेक्शन पाइप (कॉकपासून नळापर्यंतचा) फुटला होता, काम किरकोळ होतं. कॉक माहीत नसता तर खालच्या मजल्याचं छतही माझ्याच खर्चात आलं असतं.

पाणी

भाड्याच्या घरातल्या बहुतेक तक्रारी पाण्याच्या असतात, आणि दुर्लक्ष केलं तर सर्वांत महागही त्याच पडतात. त्यामुळे शिकायला वेळ थोडा असेल तर सगळा इथेच घालवा.

गळका नळ घ्या. आधी बघा गळतोय कुठून. तोंडातून थेंब पडत असेल तर आतला वॉशर किंवा कार्ट्रिज (पाणी चालू-बंद करणारा आतला सबंध भाग) गेलंय. मुठीच्या मुळाशी पाणी येत असेल तर तिथली रबरी रिंग किंवा पॅकिंग. भिंतीच्या जोडापाशी ओलं असेल तर आट्यांवरची टेप. तिन्ही दुरुस्त्या वेगळ्या आहेत, आणि "नळच बदला" हे तिन्हींचं उत्तर नाही.

नळ किती वेढे घेतो त्यावरून आत काय आहे ते कळतं. दोन-तीन वेढे घेणारा नळ रबरी वॉशरचा, पाव वेढ्यात चालू-बंद होणारा सिरॅमिक चकत्यांचा. वॉशरचा नळ उघडायचा तर कॉक बंद करा, नळ सोडून आतलं पाणी काढून टाका, आणि बेसिनच्या भोकात फडक्याचा बोळा बसवा, कारण तो इवलासा स्क्रू हमखास तिथेच जातो. मुठीवरची टोपी नखाने किंवा पातळ स्क्रू ड्रायव्हरने उचला, खालचा स्क्रू काढा, मूठ वर ओढा. आता पितळेचा षटकोनी भाग दिसेल. पान्याला फडकं गुंडाळा म्हणजे चकाकीवर ओरखडे येत नाहीत, आणि घड्याळाच्या उलट्या दिशेने सोडवा. पूर्ण स्पिंडल हातात येतं, त्याच्या टोकाला वॉशर. त्यावर गोल खोल खाच पडलेली असेल, कधी कडक होऊन चिरलेला असेल. तोच वॉशर दुकानात नेऊन त्याच मापाचा आणा.

बसवण्याआधी एक गोष्ट बघायची, जी घाईत कुणी बघत नाही. टॉर्च मारून नळाच्या पोटात डोकवा. वॉशर ज्या कडेवर बसतो ती कड गुळगुळीत आहे का? करंगळी फिरवून बघा. खड्डे पडले असतील तर नवा वॉशर काही आठवड्यांत खलास होतो, आणि भाडेकरू म्हणतो, "काकू, तुम्ही परवाच केला होता ना?" तशी कड असेल तर नळ बदलणंच रास्त. सिरॅमिक नळात दुरुस्ती अशी नसतेच, पूर्ण कार्ट्रिज बदलायचं. तेही जुनं बरोबर नेऊन. उंची आणि मूठ बसते तिथल्या दात्यांची संख्या जुळली पाहिजे.

ठिबकण्याचा हिशोब एकदा करून ठेवावा. साधारण 20 थेंबांचा 1 मिलिलिटर होतो. सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाचे 86,400 थेंब, म्हणजे चार लिटरहून जास्त. ऐकायला फार वाटत नाही. पण हेच पाणी बेसिनमध्ये न पडता भिंतीत पडत असेल तर महिन्याकाठी सव्वाशे लिटरच्या वर भिंत पिते.

टेफ्लॉन टेपबद्दल थोडं. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून टेप घड्याळाच्या दिशेने गुंडाळायची, ताणून, पाच-सहा वेढे. उलटी गुंडाळली तर जोड आवळताना ती सुटत जाते. आणि कनेक्शन पाइपाच्या टोकाला आत रबरी वॉशर असतो, तिथे पाणी तो वॉशर अडवतो. टेपचा उपयोग नाही. तिथे हाताने घट्ट करा, मग पान्याने फार तर पाव वेढा. जास्त जोर लावला की वॉशर कापला जातो आणि गळती तुम्हीच सुरू करता. जाळीदार आवरणाचे हे पाइप भाडेकरू बदलताना नीट बघा. जाळीवर गंज किंवा कुठे फुगवटा दिसला तर विचार न करता बदला.

फ्लशची गळती सर्वांत लबाड, कारण तिला आवाज नसतो. टाकीचं झाकण काढून पाण्यात खाण्याच्या रंगाचे थोडे थेंब टाका आणि अर्धा तास कुणी फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर टाकीच्या तळाचं सील पाणी धरत नाही, किंवा पाणी टाकीतल्या उभ्या ओव्हरफ्लोच्या नळीतून भांड्यात जातंय. म्हणून आधी पाण्याची पातळी बघा. ती ओव्हरफ्लोच्या नळीच्या तोंडापर्यंत पोहोचत असेल तर फ्लोट (पाण्यावर तरंगणारा भाग) खाली करा, पाणी नळीच्या तोंडाच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली थांबलं पाहिजे. मी ही रंगाची परीक्षा प्रत्येक भाडेकरू गेला की करते.

संपूर्ण घराची परीक्षा मीटरवर होते. सगळे नळ बंद, मशीन बंद, मीटरचा आकडा लिहा, तासाभराने परत बघा. आकडा हलला तर पाणी कुठेतरी जातंय. मग फ्लशचे कॉक बंद करून पुन्हा. तरी हलला तर पाइप.

आता तुंबण्याकडे. बेसिन तुंबलं की आधी रबरी प्लंजर. त्याचा वाडगा बुडेल इतकं पाणी हवं, आणि बेसिनच्या वरच्या अंगाला असलेलं ओव्हरफ्लोचं भोक ओल्या फडक्याने दाबून धरायचं, नाहीतर सगळा दाब तिथून निघून जातो. जमलं नाही तर खाली बादली ठेवून बॉटल ट्रॅप (बेसिनखालचा बाटलीसारखा भाग) हाताने उघडा. केस, साबणाचा गाळ, कधीतरी कानातलं. काम घाणेरडं आहे, अवघड अजिबात नाही.

बाटलीतलं ड्रेन उघडणारं रसायन मात्र ओतू नका आणि भाडेकरूलाही करारात तसं लिहून द्या. यावर मी हटून बसते. कॉस्टिक सोडा पाण्यात पडला की भरपूर उष्णता निघते, तुंबलेल्या पाइपात तो तसाच साचून राहतो, आणि मग ट्रॅप उघडणाऱ्याच्या हातावर येतो. बाथरूम घासायचं ॲसिड टाइलच्या सांध्यातलं सिमेंट खातं आणि संगमरवराची चकाकी घालवतं. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. काही ओतून झालं असेलच तर मिस्त्रीला ट्रॅप उघडण्याआधी सांगा.

बंद घरात वास येतो, त्याचंही कारण ट्रॅपच असतं. प्रत्येक ट्रॅपमध्ये थोडं पाणी कायम साचून राहतं आणि गटाराचा वायू अडवतं. घर रिकामं राहिलं की ते पाणी सुकतं. प्रत्येक जाळीत, सिंकमध्ये, भांड्यात तांब्याभर पाणी ओतलं की वास जातो. घर बराच काळ बंद राहणार असेल तर वरून चमचाभर तेल, म्हणजे बाष्पीभवन मंदावतं. घर दाखवायला जायच्या आदल्या दिवशी मी हे करतेच. वास आलेल्या घरात माणूस स्वयंपाकघरापर्यंतही येत नाही.

ओल: रंगाच्या आधी वेळापत्रक

ओलीवर रंग फासणारे घरमालक पुष्कळ. पुढच्या भाडेकरूपर्यंत पोपडे परत येतात, आणि मग पुट्टीसकट सगळं खरवडावं लागतं. आधी ओल कधी वाढते ते बघा. रोज सारखीच असेल तर दाबाखालच्या पाइपावर संशय घ्या; मेन चालू आणि सगळे नळ रात्रभर बंद ठेवून मीटर बघता येतो. आंघोळी झाल्या की वाढत असेल तर बाथरूमची फरशी, सांधे किंवा सांडपाण्याची लाइन. फक्त पावसात येत असेल तर बाहेरची भिंत, गच्ची, खिडकीची कड. भाडेकरूला मी सांगते, ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून तारीख टाक, फोटो पाठव, पुन्हा वाढली की पुन्हा रेघ. आठवड्याभराच्या रेघा बघितल्या की कुठल्या मिस्त्रीला बोलवायचं ते ठरतं.

कधी कधी पाणी भिंतीतून येतच नाही. हातभर चौकोनी प्लास्टिक भिंतीला चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा, एक-दोन दिवस ठेवा. आतल्या, भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतली. बाहेरच्या, खोलीकडच्या बाजूला जमले तर खोलीतली दमट हवाच गार भिंतीवर उतरतेय. तिथे वॉटरप्रूफिंगवर पैसे घालवण्यापेक्षा खिडकी उघडायला सांगा, एक्झॉस्ट फॅन लावा, कपाट भिंतीपासून थोडं पुढे ओढा.

सांध्यातलं सिलिकॉन स्वतः भरणं सहज जमतं, अट एवढीच की जुनं संपूर्ण काढायचं आणि जागा खडखडीत कोरडी करायची. जुन्यावर नवं चिकटत नाही. ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरसारखा उग्र वास आला तर त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतंय. काच आणि टाइलला ते चालतं. संगमरवर, आरसा, धातू यांना न्यूट्रल प्रकारचं घ्या. भरल्यावर किमान एक दिवस पाणी लागू द्यायचं नाही. म्हणजे हे काम घर रिकामं असतानाच करायचं.

वीज: इथे फक्त ओळखा

बऱ्याच ठिकाणी भाड्याच्या घरातलं वायरिंग परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावं लागतं. नियम आपापल्या ठिकाणचा बघा, विम्याची अटही वाचा. कायदा काहीही म्हणो, दुसऱ्याच्या मुलाबाळांच्या घरात मी वायरीला हात लावत नाही. पण वायरमनला बोलावण्याआधी खूप काही कळू शकतं.

एमसीबी वायर वाचवतो: भार जास्त झाला किंवा शॉर्ट झालं की पडतो. आरसीसीबी माणूस वाचवतो: गेलेला आणि परत आलेला प्रवाह यांत फरक पडला की, घरगुती बहुधा 30 मिलिअँपिअरचा, तो पडतो. त्यावर टी लिहिलेलं बटण असतं. ते दाबल्यावर तो पडलाच पाहिजे. नाही पडला तर तो शोभेचा आहे, लगेच बदलून घ्या. घरात आरसीसीबीच नसेल तर भाड्याने देण्याआधी बसवून घ्या.

"काकू, लाइट सारखी जातेय" असा फोन आला की विचारायचं, नक्की काय पडतंय? आरसीसीबी असेल तर सगळे एमसीबी खाली करायला सांगा, आरसीसीबी वर, मग एकेक एमसीबी वर. ज्याला तो पडला त्या लाइनीत दोष. त्या लाइनीवरचे सगळे प्लग काढून पुन्हा एकेक लावायचे. गिझरची कॉइल पुष्कळदा चोर निघते. सगळे एमसीबी खाली असूनही आरसीसीबी बसत नसेल तर न्यूट्रलमध्ये (प्रवाह परत नेणाऱ्या वायरीत) गडबड असू शकते. तिथे भाडेकरूलाही थांबवा आणि वायरमनला हीच माहिती द्या. त्याचा अर्धा वेळ वाचतो.

एमसीबी वारंवार पडतोय म्हणून मोठा बसवून देणारा कुणी भेटला तर त्याला परत बोलावू नका. वायर तीच राहते, भार वाढतो, आणि आता एमसीबी पडत नाही, वायर तापते. गरम लागणारं बटण, काळवंडलेला सॉकेट, जळका वास: लाइन बंद, वायरमन.

पंखा गुणगुणतो पण फिरत नाही, काठीने ढकलला की हळूहळू फिरतो, हे बहुतेक वेळा कॅपॅसिटर गेल्याचं लक्षण. एवढं माहीत असलं की कुणी नवा पंखा गळ्यात मारत नाही. नवा कॅपॅसिटर जुन्यावर छापलेल्या आकड्याचाच हवा.

गॅसबद्दल काही शिकायचं नाही. वास आला तर कुठलंही बटण दाबायचं नाही, चालूही नाही आणि बंदही नाही. गॅस बंद, खिडक्या उघड्या, सगळे बाहेर, फोन बाहेरून. हे एका कागदावर लिहून आतल्या बाजूने दाराला लावा.

दारं, कुलपं, भोकं

खाली घासणाऱ्या दारावर लगेच रंधा मारू नका. आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू बघा. बहुधा एखादा नुसताच गरगर फिरत असतो. दाराखाली पाचर लावा, एक स्क्रू काढा, भोकात पांढऱ्या गोंदात बुडवलेल्या गुल उडवलेल्या काडेपेटीच्या काड्या ठासून भरा, वाळू द्या, बाहेरचं तोडा, स्क्रू परत पिळा. मग पुढचा. दमट दिवसांत फुगलेलं लाकडी दार तर मुळीच तासू नका, कोरड्या हवेत ते आपोआप बसतं आणि तासलेलं असेल तर फट पडते. अडखळणाऱ्या कुलपात तेल घातलं की धूळ धरते. पेन्सिलीच्या शिसाची पूड किल्लीला लावून घाला.

भिंतीत ड्रिल करताना बटणांच्या बोर्डाच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत जाऊ नका, वायरी तिथूनच गेलेल्या असतात. नळाच्या बाबतीतही तेच. भाडेकरूला किती आणि कुठे भोकं पाडता येतील ते करारात असू द्या.

सराव कुठे करायचा

पहिला नळ स्वतःच्या राहत्या घरातला उघडा. भाडेकरू शेजारी उभा, भात चुलीवर आणि पाणी बंद, अशा वेळी शिकणं होत नाही. त्याहून चांगलं म्हणजे प्लंबरने काढून टाकलेला जुना नळ मागून घ्या आणि टेबलावर बसून उघडा, जोडा, पुन्हा उघडा. आत काय असतं ते एकदा हाताला कळलं की व्हिडिओसुद्धा समजायला लागतात. आधी व्हिडिओ बघितले तर सगळंच सोपं वाटतं, कारण कॅमेऱ्यासमोरचे स्क्रू गंजलेले नसतात.

मोठा सराव दोन भाडेकरूंच्या मधल्या रिकाम्या दिवसांत. घाई नसते, पाणी दिवसभर बंद ठेवता येतं.

मिस्त्री येईल तेव्हा हजर राहा. मधेमधे बोलू नका, टॉर्च धरा. काम संपल्यावर विचारा: काय बिघडलं होतं, का बिघडलं, पुढच्या वेळी आधी काय दिसेल? चांगल्या माणसाला हे प्रश्न आवडतात. माझा जुना प्लंबर, त्यांना मी मामा म्हणते, सुरुवातीला कुरकुरायचे, आता काढलेला भाग स्वतःच हातात देतात, "बघा, इथून गेलाय." बदललेला भाग नेहमी मागून घ्या. त्यांच्या वेळेचे पैसे घासाघीस न करता द्या, कारण रात्री-अपरात्री फोन उचलणारा माणूस तुम्हाला हवाय.

एक वही घराची. तारीख, तक्रार, कारण, बदललेला भाग, त्याचं माप. रंगाचा कोडही त्यातच लिहा. एकच जागा तिसऱ्यांदा वहीत आली तर वरवरची दुरुस्ती थांबवून मूळ शोधायचं.

हत्यारं हळूहळू घ्या. सरकता पाना, पक्कड, दोन-तीन चांगले स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च, प्लंजर, टेप, मापपट्टी, पक्की शिडी, बादली. ड्रिल सुरुवातीला मागून आणा. निऑनचा टेस्टर असू द्या, पण त्याच्यावर जीव टाकू नका. आधी चालू पॉइंटवर तो पेटतो का ते बघितल्याशिवाय त्याच्या अंधाराला अर्थ नाही.

काही कामं शिकूच नयेत. उंचावरची, गच्चीच्या कडेची. जुन्या घरातला थरांवर थर चढलेला रंग कोरडा घासणं, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि ती धूळ लहान मुलांच्या पोटात जाते. जुन्या सिमेंटच्या पत्र्याला भोक पाडणं, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. आणि वाढणारा तडा: त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा, टोक खुणेपलीकडे गेलं तर पुट्टी नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअर.

पैशाचं म्हणाल तर घराच्या किमतीच्या 1 टक्का दरवर्षी दुरुस्तीला बाजूला ठेवावा, असा ठोकताळा बरेच जण सांगतात. काहीच नसण्यापेक्षा बरा. पण किमतीत जमिनीचा आणि वस्तीचा भाव मिसळलेला असतो, पाइपाला तो माहीत नसतो. घर किती जुनं, लाइन कशाची, गच्ची कुणाच्या डोक्यावर, यावर मी रक्कम ठरवते.

आणि स्वतः दुरुस्ती करता म्हणून कधीही दार वाजवू नका. आधी फोन, वेळ विचारून, सांगितलेल्या वेळेला. घर तुमचं असलं तरी संसार त्यांचा आहे.

पुढचं घर बघायला जाताना

एवढं हातात आलं की दुसरं घर बघण्याची नजर बदलते. दलाल बाल्कनी दाखवत असताना तुम्ही सिंकखाली वाकलेले असता. टॉर्च, खाण्याचा रंग आणि एक फडकं बरोबर ठेवा. सगळे नळ एकदम सोडून दाब बघा, पाणी किती वेळात निघून जातं ते बघा. सिंकखालच्या कपाटाचा तळ दाबून बघा, फुगलेला असेल तर गळती जुनी आहे. टाइलवर बोटाच्या पेराने ठोका, पोकळ आवाज कुठे येतो ते लक्षात ठेवा. बोर्डावर आरसीसीबी शोधा. बाथरूमच्या पलीकडच्या भिंतीवरचं कपाट थोडं पुढे ओढायची परवानगी मागा. आणि मालक म्हणाला, "नुकताच रंग दिलाय," तर चार भिंतींपैकी एकाच भिंतीला का दिला, ते विचारा.